साबणाच्या पाण्याची बादली

"नाखवा, तू नुसते फुगे काढ. पाण्यातलं तुम्हा लोकांना बरं जमतं. गणित मी बोलतो."

विभागप्रमुख हे माइकवरून म्हणाले. टेबलावर साबणाच्या पाण्याची बादली, शेजारी तारेच्या चौकटी. डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजचं सभागृह हसलं. मुंबईहून आलेले संशोधक पाहुणेही हसले. मीसुद्धा हसलो. सवय होती. मी कोळ्याचा, म्हणून स्टाफरूममध्ये माझं नावच नाखवा.

तारेवर ताणलेला साबणाचा पापुद्रा कमीत कमी क्षेत्रफळ घेतो. असे पृष्ठभाग कुठे मोडतात, मोडलेली जागा मोजायची कशी, हे माझं संशोधन. कळव्याच्या घरात, जाळं विणणाऱ्या बाबांशेजारी बसून मी सिद्धता पुरी केलेली. ती त्या दिवशी मी मांडणार, म्हणून बाबा इस्त्रीचा सदरा घालून आलेले. शेवटच्या रांगेत बसलेले.

माझी अभ्यास रजा प्रमुखांच्या हातात होती. तिच्यासाठी मी सगळं ऐकून घ्यायचो. अपमान ते करायचे, पण दर कार्यक्रमाला बादली मीच भरून आणायचो. याची लाज आजही जात नाही.

ते माझी सिद्धता बोलू लागले. "आम्ही दाखवलं" म्हणत. मी चौकट बुडवतोय, वर काढतोय. मागून बाबांचा आवाज आला.

"बाला, तू कवा बोलशील?"

पुन्हा हशा. मी पुन्हा चौकट बुडवली.

एका पाहुण्यांनी विचारलं, "पण तारेच्या अगदी कडेला ही सिद्धता का टिकते?" प्रमुख अडकले. माझ्याकडे झुकून कुजबुजले, "सांग रे पटकन."

"सांगतो सर. फळ्यावर."

"आधी हात तरी पूस!"

नाही पुसले. ओल्या हातानेच खडू घेतला. फळा भरेपर्यंत लिहीत राहिलो. आता कोणी हसत नव्हतं.

रजा नामंजूर झाली. नंतरही प्रत्येक वेळी. शोधनिबंध माझ्या एकट्याच्या नावाने नियतकालिकाला पाठवला, परत आला. सुधारून, पुन्हा टाइप करून पाठवला. पुन्हा परत. माझ्यामागून लागलेले रजा घेऊन पुढे गेले. मी वर्गांवर वर्ग घेत राहिलो. चीड येते, खोटं कशाला सांगू?

पण फळा भरला त्याच्या पुढच्याच वर्षी, कार्यक्रमाच्या सकाळी माझ्या टेबलावर रिकामी बादली ठेवलेली. मी ती उचलली आणि प्रमुखांसमोर नेऊन ठेवली.

"सर, फुगे तुम्ही काढा. बोलणार मी."