दहा पावलं मागे

"दम धरा, उघडेल," असं कुलूपवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा. आजारपणात आठवड्याभरात त्याची दृष्टी गेली, तेव्हा रडणाऱ्या बायकोलाही तो सवयीने हेच म्हणाला.

हातांची करामत मात्र शाबूत होती. किल्ली घासून तिचे दाते बोटाने चाचपले, की काम चोख व्हायचं. अडचण होती ती दुकानापर्यंतच्या रस्त्याची. बायको त्याचं कोपर धरून रोज न्यायची, रोज आणायची. कधी तिला वाटायचं, एक दिवस तरी या कोपरापासून सुटका व्हावी. मग असं वाटल्याबद्दल ती दिवसभर स्वतःवरच चिडायची.

एका सकाळी काठी घेऊन तो म्हणाला, "आज मी एकटा जाणार."

"जा की! मी काय दोरीनं बांधून ठेवलंय?" ती फणकारली. पण तो कोपऱ्यावर पोचायच्या आत, चपला हातात घेऊन ती अनवाणी मागे निघाली. गटारापाशी तिचा जीव टांगणीला लागला. त्याने काठीने कडा चाचपली, गटार ओलांडलं आणि मान न वळवता म्हणाला, "अगं, चपला घाल. खडे टोचतील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं शेजारी झोपतोय. तुझी धाप ओळखणार नाही होय? आता घरी जा."

"आणि पडलात तर?"

"दम धर गं जरा."

तो निघाला. पुढे दिव्याच्या खांबाला त्याचा खांदा घासला. ती एक पाऊल पुढे सरली आणि थांबली. तो वळणाआड जाईपर्यंत ती गटाराच्या अलीकडे उभी होती. चपला अजून हातातच होत्या.