हत्ती बघायला जाण्याआधी

पहाटे पावणेचारला तुळशीरामचे डोळे उघडले. बंदरातलं काम सुटून सात वर्षं झाली, पण सवय सुटली नव्हती. एकतीस वर्षं त्यानं जहाजावर रचलेले कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळून बांधले. पीळ घट्ट बसला की नाही हे हातानं बघायचं, मगच खाली उतरायचं. ढिलं काम करणाऱ्याला तो त्याच दिवशी परत वर चढवायचा. आणि पाळी संपताना एकच वाक्य बोलायचा: राबला त्याचा वाटा.

तेच वाक्य तीन आठवडे त्याला टोचत होतं.

मुलगा शैलेश आणि सून दिपिका यांनी केनियाची सहल ठरवली होती. चार दिवस मसाईमाराच्या जंगलात, मग तीन दिवस मोंबासाजवळच्या किनाऱ्यावर. ती दोघं, तुळशीराम आणि त्याची बायको भामा. हट्ट मूळ तुळशीरामचाच. मोंबासाला जाणारे कंटेनरचे डबे त्यानं किती बांधले, त्याला हिशेब नव्हता. आपलं बांधलेलं जिथं सुटतं ते बंदर एकदा बघावं, असं तो बोलून गेला आणि पोरानं ते मनावर घेतलं.

पैसे मात्र बंदराचे नव्हते. गावची वडलांची भातजमीन आणि मिठागर सरकारनं नव्या शहरासाठी घेतलं, बदल्यात द्रोणागिरीला भूखंड मिळाला. तो गेल्या वर्षी विकला. त्या भूखंडावर त्याची थोरली बहीण गुणाबाई हिचं नाव नव्हतं. ते का नव्हतं, हे तुळशीरामला पक्कं माहीत होतं.

सकाळी दिपिकानं चहाबरोबर मोबाइल पुढं केला.

"बाबा, मंगळवारी मुंबईला लस घ्यायला जायचंय. पिवळ्या तापाची. साठीच्या वरच्यांना आधी डॉक्टरांना विचारावं लागतं."

"बाबांना बघून तापच पळेल," शैलेश म्हणाला.

भामा भाजी निवडत होती. "लशीचं राहू दे. वन्संना सांगितलं का?"

तुळशीरामनं चहाचा कप उचलला.

"दर्यापार जायचं तर बहिणीनं ओवाळल्याशिवाय आपल्या घरचा पुरुष उंबरा ओलांडत नाय," भामा म्हणाली.

"आई, विमानानं चाललोय आपण."

"मग विमान काय दर्याला वळसा घालून जातं?"

"आत्याला आल्यावर सांगू," शैलेश हळूच म्हणाला. "उगाच विषय निघेल."

"कुठला विषय?" दिपिकानं विचारलं. शैलेशनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. तुळशीरामनं चहा अर्धाच ठेवला, चपला घातल्या आणि बहिणीकडं जायला रोडपालीची रिक्षा धरली.

अठरा वर्षांपूर्वीचा तो दिवस रिक्षात त्याच्याबरोबर बसला होता. कचेरीच्या ओट्यावर गुणाबाई आली होती, कडेवर भाकऱ्यांचं गाठोडं. "बाबांच्या मागं वारसांची नोंद करायचीय, सही कर," एवढंच तो तिला म्हणाला होता. तिनं नुकतीच शिकलेली सही जपून, वळण देत केली. मग सगळ्यांना ओट्यावर बसवून बोंबलाची चटणी वाढली. त्यानं तिला एक साडी घेतली. तिला ती आवडली होती.

गुणाबाई रोडपालीत भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा गेला तेव्हापासून एका खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची. आता बहात्तरावं चालू होतं. तुळशीराम दारात उभा राहून तिचे हात बघत राहिला. एका मापाची भाकरी, कड कुठं फाटलेली नाही. काम असं असावं.

"कोण मेलं?" तिनं न वळता विचारलं. "सकाळच्या पारी आलास ते."

"कोणी नाय, बाय. आफ्रिकेला चाललोय."

"का? इकडचे डबे बांधून संपले?"

"हत्ती बघायला."

"हत्ती!" तिचं सगळं अंग हसलं. "तुळश्या, लहानपणी म्हशीला भ्यायचास तू. बरं, ओवाळाया कधी येऊ ते सांग."

इथंच थांबता आलं असतं. तारीख सांगायची, चहा घ्यायचा, निघायचं. पण तिच्या त्या सहज हो म्हणण्यानंच त्याला थांबू दिलं नाही.

"बाय, कचेरीत तू सही केलीस तो कागद वारसांच्या नोंदीचा नव्हता. हक्क सोडल्याचा होता. मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो."

तव्यावरची भाकरी करपली. बहिणीच्या हातची करपलेली भाकरी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितली. तिनं ती काढून बाजूला ठेवली आणि गॅस बंद केला.

"त्या दिवशी माझ्या हातच्या तीन भाकऱ्या खाल्ल्यास तू."

"हो."

"नवव्या वर्षापास्नं मी मिठागरावर होते. पायाच्या भेगांत मीठ जायचं. बाबा बोलायचा, रडू नको, तुळश्या शिकतोय."

"माहीत हाय."

"माहीत हाय तर केलंस कसं?"

गावातल्या सगळ्याच बहिणींनी सह्या केल्या, हे उत्तर त्याच्या जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं. शेजारच्याचा ढिला डबा दाखवून आपला ढिला डबा खपवणारा माणूस त्याला कधीच चालला नव्हता.

"प्लॉटचे उरलेत त्यातले अर्धे तुझे," तो म्हणाला.

"ते देशीलच. उपकार म्हणून नको देऊ. आन् जे पोराच्या फ्लॅटात गेलं ते? भिंत फोडून आणशील?"

तो उंबऱ्यावर बसला. हाताचं पीठ झटकत ती म्हणाली, "मोंबासा म्हंजे तेच ना, ज्याचं तू घरी येऊन सांगायचास?"

"तेच."

"मी पण येणार."

त्यानं चमकून वर बघितलं. "ये ना, बाय. शैलेशला सांगतो, आजच—"

"प्लॉटच्या पैशानं नाय. ते माझेच हायत. माझ्याच पैशानं मला फिरवून आणशील व्हय? तुझ्या घामाचं काय शिल्लक हाय ते बोल."

बँकेत त्याची बंदरातून सुटताना मिळालेली रक्कम होती. आजारपणासाठी ठेवलेली, अजून हात न लावलेली. त्यानं तसं सांगितलं.

"मग ती मोड," गुणाबाई म्हणाली आणि गॅस पेटवला. "आता जा. खानावळीचा माणूस येईल."

गुणाबाईच्या पासपोर्टसाठी सहल जुलैतून सप्टेंबरात गेली. शैलेश कुरकुरला. तुळशीरामनं त्याला समोर बसवून कागदाची गोष्ट सांगितली, सुनेदेखत. उरलेल्यातले अर्धे बहिणीच्या खात्यात भरले. तिनं माफ केलं असं कोणी समजू नये. ती त्याच्याशी अजून कामापुरतंच बोलते, आणि तुळशीरामला ते रास्त वाटतं.

बंदराच्या पैशातून एवढं आलं: गुणाबाईचा पासपोर्ट, तिची डॉक्टरची तपासणी, तिची लस, जंगलात चालायला पायाच्या भेगांना न लागणारे मऊ बूट, केनियातलं राहणं-खाणं आणि जाण्या-येण्याचं तिकीट. खिडकीच्या जागेला वेगळे पैसे पडतात, असं तिकीटवाले म्हणाले. ते त्यानं भरले.