एकाच कार्डाने उघडणारी कुलपं

विक्रोळीच्या एका छोट्या कंपनीत मी दारांची स्मार्ट कुलपं तपासायचे. प्रत्येक कुलपात एक चिप असते आणि तिच्यात त्या कुलपाची गुप्त किल्ली साठवलेली असते. सोबतच्या कार्डातही तीच. दोघांची ओळख पटली तरच दार उघडतं. दर कुलपाची किल्ली वेगळी हवी, सगळा भरवसा तेवढ्यावरच.

एका सकाळी घाईत मी भलतंच कार्ड लावलं आणि कुलूप उघडलं. आधी हसू आलं. मग त्याच खोक्यातली आणखी चार काढली. चारही उघडली. कारखान्यात चाचणीपुरती वापरायची किल्ली अख्ख्या लॉटमध्ये तशीच राहून गेली होती. याच लॉटमधलं एक कुलूप मी नाहूरला आईच्या दाराला बसवलं होतं. ती एकटी राहते.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं, बाहेर कोणाला कळणार आहे? पुढच्या लॉटला सुधारू."

"सर, कळायची गरजच नाही. माझ्यासारखं कोणी चुकून लावलं तरी दार उघडेल ना!"

"टेबलावरची सोड. कोणाच्या दारावर करून बघितलंयस?"

नव्हतं बघितलं. दुपारी टेबलावरचं एक कार्ड उचलून मी नाहूर गाठलं. जिना चढताना मनात एकच, उघडू नको रे बाबा. बेल न वाजवता कार्ड लावलं. उघडलं.

आई पाठमोरी बसून कुळीथ निवडत होती. तिला कमी ऐकू येतं. मी अगदी मागे जाऊन उभी राहिले तरी तिला पत्ता नाही. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर? हाक मारली तशी ती केवढ्याने दचकली!

"गो बाय माझ्या, आत कशी इलंस?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "सर, आईच्या घरात उभी आहे. ऑफिसच्या कार्डाने आले." "गिऱ्हाइकांची यादी काढ," ते म्हणाले. "आजच सगळ्यांना कळवू."

संध्याकाळपासून गिऱ्हाइकांना फोन सुरू झाले. कुलपं बदलायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस मी रोज आईला विचारायचे, "आतून कडी लावलीस का गं?" ती वैतागायची.

घाटकोपरचं एक घर मात्र फोनच उचलेना. मी स्वतः गेले. शेजारी म्हणाले, गावी गेलेत. दाराखालून चिठ्ठी सरकवून आले. अजून त्यांचा फोन नाही.