दावेदार गैरहजर

"चंद्राबाई बिन्त दामू गुरव, हाजिर है?"

नांदेडच्या कचेरीच्या व्हरांड्यात चपराशानं तिसरा पुकारा केला. लाल पट्टा, पितळी बिल्ला आणि सबंध हैदराबाद रियासतीनं ऐकावा असा आवाज. ऐकायला होते दोन कुळकर्णी, एक झोपलेला कुत्रा आणि मी. दावेदाराचं नाव तीनदा पुकारायचं आणि ओ आली नाही तर गैरहजर मांडायचं, ही रीत. मी उठलो.

"हुजूर, माझ्या पक्षकार येऊ शकत नाहीत. कारण अर्जात दिलंय."

पेशकारानं माझ्याकडं पाहिलंही नाही. साहेबांपुढं कागद ठेवणारा आणि साहेबांच्या वतीनं जगाला कंटाळणारा जो कारकून, तो पेशकार. त्याच्यापुढच्या कागदावर दोनच खाने होते, हाजिर आणि गैरहाजिर. कारणाला खाना नव्हता.

माझ्या शेजारच्या बाकावर प्रतिवादी भगवान गुरव नवी टोपी सावरत बसला होता. तो लातूरच्या गंजबाजारात एका अडत्याकडं नोकरीला होता. आदल्या दिवशीच मोटारीनं येऊन तो धर्मशाळेत उतरला होता. त्याला यायला काहीच अडचण नव्हती, आणि या खटल्यातलं सगळं दुःख त्या एका गोष्टीत आहे.

कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात माहूरच्या देवीचं ठाणं आहे. देऊळ म्हणजे एक खोली, पण आत नंदादीप आहे. या दिव्याच्या तेलासाठी कुण्या जुन्या अमदानीत गुरवाच्या घराला जमीन इनाम मिळाली. जमिनीत करडई पिकवायची, तेल काढायचं, दिवा जळता ठेवायचा. अशा इनामाला सरकारी भाषेत सेवेच्या शर्तीचं इनाम म्हणत. सेवा थांबली की जमीन सरकारजमा.

दामू गुरव वारला. त्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, चंद्राबाई. तिचा नवरा किसन घरजावई होऊन राहिलेला. दामूला दिसेनासं झाल्यापासून दिवा तीच बघत होती. दामूचे दिवस होतात न होतात तोच लातूरहून त्याच्या पुतण्याचा, म्हणजे या भगवानचा अर्ज आला, की मुलगी परक्या घरची, इनाम माझ्या नावावर करावं.

चंद्राबाई किसनला घेऊन माझ्याकडं आली तेव्हा मी वकिलीत नवा होतो. आधी त्यांना कोर्ट समजावून सांगावं लागलं.

"दिवाणीत दावा टाका की साहेब," किसन म्हणाला. "मुन्सफ लई चांगला हाय म्हणत्यात."

"मुन्सफ चांगलाच आहे, पण इनाम त्याच्या हातात नाही."

इनामाचा वारस कोण, हे दिवाणी कोर्टानं ठरवायचं नाही, असा रियासतीत कायदा होता. त्यासाठी अतियात नावाचं वेगळं खातं. तिथली चौकशी दुय्यम तालुकदार करत, म्हणजे आजच्या बोलीत डेप्युटी कलेक्टर. कित्येक माणसं वर्षानुवर्षं दिवाणीत लढून जिंकत, आणि मग त्यांना कळे की ज्या दारात आपण जिंकलो ते दारच चुकीचं होतं. चंद्राबाईला मी त्यातून तरी वाचवलं. बाकी कशातूनही वाचवू शकलो नाही.

पहिलं काम मुंतखबाची नक्कल काढण्याचं. इनाम कुणाला, कशासाठी आणि कोणत्या शर्तीवर दिलं, याचा सरकारी उतारा म्हणजे मुंतखब. तो मुहाफिजखान्यात, म्हणजे रेकॉर्डच्या खोलीत. सरकारी दफ्तर रयतेसाठी खुलं आहे, असं तेव्हाही म्हणत. खुलं होतंच. अर्ज उर्दूत लिहायचा, त्यावर स्टॅम्प लावायचा, गावाचं नाव दफ्तरात ज्या तऱ्हेनं लिहिलंय त्याच तऱ्हेनं द्यायचं, आणि मुहाफिज जागेवर सापडायचा. एवढं जमलं की कुणालाही काहीही बघता येई. मला ते तिसऱ्या खेपेला जमलं.

नक्कल फारसीनं मढवलेल्या उर्दूत होती. पहिलं अर्ध पान नुसत्या पदव्यांचं. मी ते सोडून पुढचं मराठीत वाचून दाखवलं.

"माझं नाव हाय का त्यात?" चंद्राबाईनं विचारलं.

"तुमच्या पणजोबांचं आहे."

"आन् दिव्याचं?"

"दिव्याचं आहे. दिवा जळता राहील तोवर इनाम चालेल, असं आहे."

"मग झालं की. दिवा तर जळून राहिलाय."

तिच्या लेखी खटला तिथंच संपला होता.

मी अर्ज केला. जमिनीचा ताबा तिचाच आहे हे दाखवायला त्यात लिहिलं, की दावेदार स्वतः शेतात राबते आणि बांधावरची मिरची कंधारच्या बाजारात स्वतः नेऊन विकते. हे लिहिल्याशिवाय ताबा सिद्ध होत नव्हता. साहेबांनी बयानाची तारीख दिली. वारसाच्या चौकशीत दावेदाराचं बयान साहेबांपुढं शपथेवर व्हावं लागे. सरकारी तारखा फसली सालाच्या, म्हणजे महसुली कालगणनेच्या. मी पंचांग काढून ताडून पाहिलं तर तारीख नवरात्रात पडत होती. कचेरीला दसऱ्याची सुट्टी असे, नवरात्राची नसे.

मी तसाच पेशकाराकडं गेलो.

"साहेबांचा दौरा ठरलाय, वकीलसाहब," तो म्हणाला. "तुमच्या देवीचा दौरा पुढं ढकला."

मग कंधारला जाऊन पुढं बैलगाडीनं गाव गाठलं. घट बसले होते. चंद्राबाई दिव्यासमोर घोंगडीवर बसली होती. बाजूला तेलाचं बुधलं.

"बाई, एक दिवस चला. संध्याकाळपर्यंत परत आणून सोडतो."

"न्हाई साहेब. घट बसले की गुरवानं शीव वलांडायची न्हाई. माझ्या बापानं कवा वलांडली न्हाई."

"किसनला बसवा दिव्यापाशी."

किसन दाराबाहेर उभा होता. तो हसला. "जावयाच्या हातचं तेल देवीला चालत न्हाई. मला पायरीच्या खालीच ठिवलंय तिनं. बायकूनं बी आन् देवीनं बी."

"चंद्राबाई, जमीन जाईल."

तिनं वात पुढं सारली, मग म्हणाली, "भगवानदादाबी गुरवाच्याच रक्ताचा हाय न्हवं? त्याला सांगा, तू येऊन बस दिव्यापाशी, मी जाते सायबाकडं."

इतका बिनतोड युक्तिवाद मला वकिलीच्या अभ्यासातही कुणी शिकवला नव्हता. तो घेऊनच मी त्या दिवशी साहेबांपुढं उभा होतो.

साहेब सभ्य होते. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, बोलणं हळू. त्यांनी माझं पूर्ण ऐकलं, आणि ऐकता ऐकता हसलेही.

"बात तो माकूल है, वकील साहब. लेकिन बयान दावेदार का चाहिए, आपका नहीं."

"हुजूर, मग कमिशन पाठवा. गावात जाऊन बयान घ्यावं."

अडचण असलेल्या साक्षीदाराचं बयान घरी जाऊन घ्यायला कारकून पाठवत, त्याला कमिशन म्हणत.

"वो परदानशीन औरतों के लिए है. आपकी मुवक्किल परदानशीन हैं?"

मी काही बोलायच्या आत पेशकारानं माझाच अर्ज पुढं सरकवला आणि मिरचीच्या ओळीवर बोट ठेवलं. साहेबांनी ती ओळ वाचली. नंतर त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते रागानं नव्हे, जरा वाईट वाटून.

"हुजूर, मग नवरात्र होईपर्यंत मुदत द्यावी."

"दौरा आगे जाएगा. और दूसरा फरीक लातूर से आया हुआ है."

भगवानचं बयान झालं. सेवा कोण करतं, या सवालावर तो म्हणाला, "आमचं घराणं करतं हुजूर." हे खोटं म्हणता येत नव्हतं. मी उलटतपासणीत विचारलं, "नवरात्र चालू आहे. दिव्यापाशी आत्ता कोण बसलंय?"

"घरचंच माणूस हाय," तो म्हणाला.

हुकूम तीन ओळींचा होता. दावेदार गैरहजर, सबब तिचा सेवेचा दावा शाबीत नाही. इनाम भगवानच्या नावे चालावं, सेवा चालू असल्याचा पाटलाचा दाखला दरसाल यावा.

म्हणजे सेवा करते म्हणून ती आली नाही, आणि आली नाही म्हणून सेवा करत नाही असं ठरलं. भगवान सेवा करत नव्हता, म्हणून त्याला यायला सवड होती.

मी हैदराबादेला अपील केलं, की भगवान लातुरात राहतो, तो दिवा लावतच नाही. बऱ्याच काळानं जवाब आला, की इनामदारानं सेवा स्वतःच केली पाहिजे असं नाही, नायबामार्फत, म्हणजे बदली माणसाकडून, करवून घेता येते. त्या कागदात चंद्राबाईचं नाव सेवेपुढं पहिल्यांदा सरकारी दफ्तरात चढलं, भगवानची नायब म्हणून. बयानाला नायब चालत नव्हता, सेवेला चालत होता.

आता एकच वाट उरली होती. ती सांगायला मी पुन्हा गावी गेलो. तोवर ती जमीन भगवाननं किसनलाच बटईनं लावली होती. अर्धं पीक लातूरला जाई.

"बाई, कायद्यात एक गोष्ट आहे," मी म्हणालो. "दिवा विझला तर शर्त मोडते. पाटलाला दाखला देता येणार नाही. भगवानचं इनाम जप्त होईल, आणि मग आपण नव्यानं मागू."

मी काय बोलतोय ते तिला कळलं होतं.

"किती दिस इझवायचा?"

"एक दिवस पुरे. पंचनाम्यापुरता."

"आन् मग जमीन माझी?"

"होण्याचा संभव आहे."

चंद्राबाई उठली. मला वाटलं ती विचार करतेय. तिनं बुधलं उचललं, दिव्यात तेल घातलं आणि पदराला हात पुसले.

"साहेब, तुमी लई फिरलात माझ्यासाठी. जेवून जावा."

जेवण चांगलं होतं. करडईच्या तेलात परतलेला ठेचा अजून आठवतो. तेल तिच्या वाट्याच्या अर्ध्यातलं होतं. दिव्यातलंही.

पुढं मी लातूरला वकिली हलवली. नांदेडच्या कचेरीत काम निघालं की कधीमधी कंधारचं ते दफ्तर उघडून बघत असे. पाटलाचा दाखला दरसाल न चुकता आलेला असे. दिवा जळतो आहे, सेवा चालू आहे, इनाम बहाल. सरकारी दफ्तरातला इतका खरा कागद मी दुसरा पाहिला नाही. आणि त्याच कागदाच्या जोरावर दरसाल भगवानची जमीन पक्की होत होती.

नव्या वकिलांना मी दोन गोष्टी सांगतो. तारीख घेताना पंचांग बघा. आणि पक्षकार खरा आहे एवढ्यावर विसंबू नका. खऱ्या माणसाला घरी काम असतं.