बिनब्रेकची सायकल

देवराव मामांच्या सायकलला ब्रेक नव्हते. गावाच्या सायकली दुरुस्त करणारा माणूस, पण स्वतःच्या सायकलचे ब्रेक त्यांनी मुद्दाम काढून टाकले होते. थांबायचं असलं की टायरच्या चपलेचा तळ पुढच्या चाकावर दाबायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "थांबायचंच व्हतं तं बसलो काहून?"

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. जवळा बाजारला लिंबाखाली त्यांचं दुकान. एक पेटी, पाण्याचं घमेलं आणि फांदीला टांगलेले जुने टायर, एवढंच. पंच्याहत्तर साली बी.ए.ची परीक्षा देऊन मी उन्हाळाभर त्यांच्याकडं राहिलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. मामांना माझ्याहून जास्त. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, "भाचा बी.ए. करून राहिला," आणि लगेच माझ्या हातात पंप द्यायचे.

शर्यतीचं त्यांना भारी वेड. हॉटेलातला शिळा पेपर आणून मला वाचायला लावायचे. मी निकालापासून सुरुवात केली की हात वर. "फष्ट कोण आला ते शेवटी सांग. आधी रस्ता सांग. चढ व्हता का? वारं कुणीकडून व्हतं?" पेपरात वारं नसायचं. मग मी मनाचं सांगायचो. मामा समाधानानं मान हलवायचे.

त्याच उन्हाळ्यात हट्ट्याहून जवळा बाजारपर्यंत सायकल शर्यत ठरली. बक्षीस नवी कोरी सायकल. सोपान नावाचा तरणा गडी रोज भाड्याच्या सायकलवर दुधाच्या किटल्या घेऊन दुकानासमोरून जायचा. मामांनी त्याचं पायडल मारणं पाहिलं आणि ठरवलं, हाच. भंगारातली फ्रेम अन् दोन सायकलींची दोन चाकं जमवून त्याला सायकल बांधून दिली. रोज सकाळी चाक गरागरा फिरवून त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचे. म्हणायचे, "सोपान्या, तुला बक्षीस मिळंल ते तुझं. मला एकच पाहिजे. तू फष्ट आला पाहिजे."

शर्यतीच्या दिवशी मामा आपल्या सायकलवर, पंप घेऊन, मागून निघाले. मी बाजाराच्या तोंडाशी निशाणाजवळ उभा. धुरळ्यातून पहिला सोपानच आला, पण मामांच्या सायकलवर! वाटेत त्याच्या चाकात बाभळीचा काटा घुसला, तेव्हा मामांनी आपली सायकल त्याला दिली होती. तिला ब्रेक नाहीत आणि सोपान अनवाणी. निशाण मागं टाकून तो थेट माठांच्या ढिगात शिरला. माठवाली ओरडली, "पैला आला तं आला, मह्या माठात कशाला आला रे मुडद्या?"

लोक हसत होते तेवढ्यात पंच आले. नंबराची पाटी सायकलच्या हँडलला बांधलेली असायची. सोपान बसून आलेल्या सायकलला पाटीच नव्हती. घाईत ती बदलायची राहून गेली होती. मी बी.ए.चं सगळं बळ लावून भांडलो, "नंबर माणसाचा का सायकलचा?"

"साहेब, पाटी न्हाई तं नंबर न्हाई," पंच म्हणाले. बक्षीस दुसऱ्याला गेलं.

बऱ्याच वेळानं मामा आले. सोपानची सायकल खांद्यावर, पाटी हँडलला डुलत होती. निकाल ऐकून त्यांनी सायकल खाली ठेवली. "पाटी सोडून द्यायची इसरलो. मही चूक हाय, पोराची न्हाई."

सोपान रडकुंडीला आला होता. "मामा, एवढ्या लांबून खांद्यावर काहून आणली? ढकलत आणायची."

"बिनहवेची ढकलली तं रिम जाती. मंग पुढल्या साली कशावर बसतू?" एवढं बोलून मामा सायकल घेऊन दुकानाकडं गेले, ट्यूब काढली आणि घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधायला लागले.

पुढच्या साली पंचांनी नंबर पाठीवर बांधले. सोपान दुसरा आला. मामांनी मात्र ते पहिला आल्यासारखंच गावभर सांगितलं.

मामा गेले तेव्हा सोपान हट्ट्याहून सायकलवर आला. केस पिकले होते. तिरडीला खांदा देणारे वाटेत आळीपाळीनं बदलत होते. मी त्याला म्हणालो, "सोपानराव, द्या आता दुसऱ्याकडं."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. शेवटपर्यंत त्यानं खांदा सोडला नाही.