अंदाजाची गोधडी

माझ्या बायकोची मावशी ही अख्ख्या पुण्यातली एकमेव व्यक्ती आहे, जिच्यासमोर बसलं की अंगातला शर्ट आपलाच आहे याची मला खात्री वाटत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही त्यांच्या येरवड्याच्या घरी पाया पडायला गेलो, तेव्हा मी पगार, बढती, स्वतःची जागा अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं घोकून गेलो होतो. मी वाकलो. डोक्यावर आशीर्वादाचा हात येण्याआधी माझी कॉलर दोन बोटांच्या चिमटीत सापडली. मावशींनी कापड जरा चुरगाळून पाहिलं आणि माझ्या डोक्यावरूनच भाचीला निकाल ऐकवला, "पॉपलीन चांगलं आहे गं. पण मऊ पडायला वेळ लागेल." मग मला म्हणाल्या, "जावईबापू, टाकाल तेव्हा आठवण ठेवा हो." एवढीच माझी चौकशी. पगाराचं त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

मावशी गोधड्या शिवतात. आता गोधड्या पुष्कळजणी शिवतात, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण मावशी आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या, आणि निवृत्तीच्या समारंभातली शाल खांद्यावरून खाली यायच्या आत त्यांनी घरातली फुटपट्टी, टेप, कंपासपेटी आणि स्वयंपाकघरातली मापंसुद्धा शेजारपाजारच्या पोरांना वाटून टाकली. "आजपासून मोजणं बंद," असं त्यांनी जाहीर केलं. लोक तंबाखू सोडतात, कुणी काशीला जाऊन आवडती भाजी सोडतात. मावशींनी मोजणं सोडलं, आणि सोडलं म्हणजे सोडलंच. त्यांच्या हातचा चहा कधी पाक असतो, कधी काढा. भात दोघांसाठी लावला तर सोसायटीचा वॉचमनही जेवून जातो, आणि दहाजणांसाठी लावला तर शेवटचे चौघं पोह्यांवर भागवतात. किती वाजता येता असं विचारलं तर "दुपारकडे" म्हणतात. पुण्यात दुपारकडे येणारा माणूस म्हणजे काय संकट असतं हे मी वेगळं सांगायला नको. पण मावशींना दार उघडायला उशीर केला तर त्या पायरीवर बसून पायपुसण्याचं कापड तपासतात आणि ते बहुतेक वेळा त्यांच्या पिशवीत जातं. हे सगळं पुरेल का, असं कुणी विचारलं की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "पुरतं हो."

गोधडीचंही तसंच. नक्षी नाही, आखणी नाही, रंगांचा विचार नाही. हाताला लागेल तो तुकडा मांडीवर घ्यायचा, त्याच्या शेजारी दुसरा लावायचा, आणि धावदोरा घालत जिकडे सुई नेईल तिकडे जायचं. त्यामुळे त्यांची एक गोधडी इतकी अरुंद झाली की तिच्यावर फक्त कुशीवरच झोपता येतं, आणि एक इतकी ऐसपैस, की ती वाळत घातली की खालच्या मजल्यावर दिवे लावावे लागायचे. मला दिलेल्या गोधडीला पाच कोपरे आहेत. मी अगदी नम्रपणे विचारलं, "मावशी, हा पाचवा कशासाठी?" त्या म्हणाल्या, "उजव्या कुशीवर वळलात की गुडघा बाहेर जातो तुमचा. हिनं सांगितलंय मला." बायकोनं मावशीला काय काय सांगितलं असेल या विचारानं मी गोधडीची घडी घालायला लागलो. गुडघा मात्र त्या दिवसापासून झाकलेला आहे.

कापडासाठी मावशींनी नीतिनियम बरेच सैल ठेवले होते. लग्नकार्यात आहेर देताना त्या नवरीचा पदर चाचपून पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शब्द टाकून ठेवत. शेजाऱ्यांच्या दोरीवर विरलेलं धोतर दिसलं की त्या घरी सहज म्हणून जाऊन बसत. त्यामुळे त्यांचं उघड वैर होतं ते बोहारणीशी. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी ही बाई डोक्यावर पाटी घेऊन सोसायटीत यायची, आणि तिची हाक ऐकू आली की मावशी गॅस बंद करून जिन्यात उभ्या राहायच्या. समोरच्या बिऱ्हाडात पातेल्यावर घासाघीस रंगात आलेली असताना या मधूनच म्हणत, "पातेलं काय, चेपून जाईल. मी गोधडी देते." एकदा बोहारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, गणिताच्या मास्तरीण ना तुमी? मग गरिबाच्या पोटावर पाय का देताय?" मावशी म्हणाल्या, "तू घेतेस ते विकतेस. मी घेते ते पांघरायला घालते." बोहारीण म्हणाली, "मग मलाबी एक घाला की." मावशींनी खरोखरच तिला एक गोधडी दिली. दुसऱ्या दिवशी भांडण पुन्हा जिन्यात जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं.

काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. आमच्या मुलीला, मुक्ताला, मावशींनी नात मानलं ते तिच्या जन्मापासून. ही मुक्ता पुढे खराडीला एका आयटी कंपनीत लागली, आणि एक दिवस मावशीआजीला घेऊन क्विल्टिंग रिट्रीटला जायचं असं तिनं ठरवलं. लोणी काळभोरच्या पुढे कुठलंसं फार्महाऊस होतं, शनिवार-रविवारचा मुक्काम.

"रिट्रीट म्हणजे?" मावशींनी विचारलं.

"अगं आजी, सगळ्यांनी शांतपणे बसून गोधड्या शिवायच्या."

"मग घरी कोण आरडाओरडा करतं?"

गेल्या मात्र. गाडी चालवायला मी होतो, म्हणून पुढचं सगळं मला डोळ्यांनी पाहायला मिळालं. शिकवणारी मुलगी मोठी गोड होती. तिच्याकडे चौकोन आखलेली चटई, पारदर्शक पट्ट्या, चाकाची कात्री असा सरंजाम होता. तिनं सगळ्यांना नव्या कोऱ्या कापडाची पाकिटं वाटली आणि त्यांचे चौकोन कापायला सांगितले. मावशींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "नवं कापड फाडायचं, आणि मग तेच परत जोडायचं?" त्या म्हणाल्या, "मग आधी फाडलं कशाला?" शिकवणारी हसली आणि म्हणाली, "आजी, आता सगळीकडून बरोब्बर पाव इंच मोजून घ्या." मावशी शांतपणे म्हणाल्या, "मला चालत नाही. सोडलंय मी." त्या मुलीनं गंभीर होऊन मुक्ताला बाजूला घेतलं आणि डॉक्टरांनी मनाई केली आहे का, जेवणातही काही पथ्य आहे का, अशी चौकशी केली. रविवारी दुपारपर्यंत चटई कोपऱ्यात गेली होती, खराडीच्या पोरी मावशींभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या, आणि एकीनं तर नवऱ्याचा टी-शर्ट त्याला न विचारता कापला होता. निघताना शिकवणाऱ्या मुलीनं मावशींच्या तुकड्याचा फोटो घेतला. "आजी, असं न आखता सुचेल तसं शिवण्याला परदेशात इम्प्रोव्ह म्हणतात. फार किंमत आहे याला." मावशींनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. "आमच्याकडे याला उरलंसुरलं म्हणतात."

पुढे मुक्ताचं लग्न झालं आणि तिला दिवस गेले. मावशींच्या घरी मऊ कापडाची बोचकी शिगोशीग भरलेली, पण बाळासाठी त्यांनी एक टाका घातला नाही. बाळ हातात येण्याआधी बाळाचं काही शिवायचं नसतं, हा त्यांचा जुना नियम. आणि बाळ हातात आलंच नाही. ते वेळेच्या फार आधी आलं, आणि आल्या आल्या त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. आम्हाला ते लांबून, मधल्या मोठ्या काचेतून दाखवत. डॉक्टर भले होते, खोटं बोलत नव्हते. "मुलगी फार लहान आहे. वाट बघू या," एवढंच म्हणायचे. मुक्ता रडायचीही नाही, नुसती काचेकडे बघत बसायची.

मावशी आल्या. थेट काचेपाशी गेल्या. मग त्यांनी उजवा हात वर केला, अंगठा आणि करंगळी ताणून काचेवर टेकवली, एक डोळा मिटला, आणि त्या पेटीतल्या जिवाची लांबी वितीनं घेतली. मग रुंदी घेतली. हात तसाच ताणलेला ठेवून त्या पुटपुटत होत्या. बायकोनं माझा दंड घट्ट धरला. "अहो, मावशी मोजतेय." तोवर मी सगळ्यांना धीर देत हिंडत होतो. त्या क्षणी मात्र मला मनापासून भीती वाटली.

तान्ह्याला नवं कापड लावायचं नाही, पाच घरचं जुनं मागून आणायचं, म्हणजे मूल जगतं, असं मावशींच्या आईकडून चालत आलेलं. जन्मभर लोकांच्या कपड्यांवर डोळा ठेवणाऱ्या मावशी आता खरोखरच मागायला निघाल्या, आणि कुठल्याही दारात त्यांना थट्टेचा शब्द ऐकावा लागला नाही. आमच्या घरी आल्या तेव्हा मी त्यांनी बोलायची वाट पाहिली नाही. पहिल्या भेटीतला तो पॉपलीनचा शर्ट झोपताना घालायला म्हणून मी ठेवला होता, तोच पुढे केला. त्यांनी चिमटीत धरून पाहिला आणि मान डोलावून पिशवीत टाकला. परतल्यावर त्यांच्या जिन्यात बोहारीण भेटली. तिला वॉचमनकडून कळलं होतं. तिनं पाटी उतरवली, तळाशी हात घालून एक पांढरी मलमल काढली आणि म्हणाली, "धुऊन धुऊन लोणी झालंय बगा. पोरीला लावा." मावशी कनवटीला हात घालायला लागल्या तशी ती पाटी उचलून निघाली. "र्‍हाऊ द्या. पोरगी घरी येऊ द्या, मग भांडू."

मावशींनी तीन बाजू शिवल्या आणि चौथी उघडी ठेवली. ती बाजू पोरगी घरी आली की घालीन म्हणाल्या. त्या दिवसांत मावशी फोन आला की आधी सुई खाली ठेवायच्या आणि मग उचलायच्या.

आणि ती चिमुरडी, आमची रेवा, घरी आली. पेटीतून बाहेर पडल्यावर ती भलतीच खणखणीत रडायला लागली होती. मुक्तानं तिला पलंगावर ठेवलं, मावशींनी पदराखालून गोधडी काढली, आणि मोठ्या मायेनं तिच्या अंगावर घातली. गोधडी रेवाच्या पोटावर संपली. वर छाती उघडी, खाली दोन्ही पाय सायकल मारतायत. हातरुमालापेक्षा जराशी मोठी असेल. आम्ही सगळे गोधडीकडे, गोधडीवरून मावशींकडे. मावशी आपल्या वितीकडे बघत होत्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, लांबची वस्तू लहान दिसते! हे मी वर्गात शिकवायचे गं!" आणि त्या हसायला लागल्या, हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, मग मुक्ता हसली, मग ती रडली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आमच्या घरात मोठ्यानं आवाज झाला. "इतक्या वर्षांत एकदा मोजलं," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "तेही चुकलं. म्हणून मी मोजत नाही."

ती चौथी बाजू मग बंद झालीच नाही. मावशींनी तिथून तुकडे जोडायला सुरुवात केली, मग बाकीच्या बाजूही उसवल्या, आणि दर वाढदिवसाला गोधडी चहूबाजूंनी थोडी वाढत गेली. रेवाचे आखूड झालेले फ्रॉक तिच्यात गेले, बालवाडीचा गणवेश गेला, बोहारणीनं भांडता भांडता टाकलेले तुकडे गेले. मधोमध माझं पॉपलीन आणि ती मलमल. आता रेवा पहिलीत आहे आणि गोधडी तिला डोक्यावरून घेता येते.

मावशी मात्र अलीकडे थकल्या आहेत. सुईत दोरा रेवा ओवून देते. परवा थंडीत त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि दुपारी कोचावर लवंडल्या, तर रेवानं आपली गोधडी आणून त्यांच्या अंगावर घातली. मावशींचे पाय उघडे राहिले. रेवानं ते बघितलं, जमिनीवर फतकल मारली, आणि आपला चिमुकला हात ताणून गोधडीच्या कडेपासून मावशींच्या टाचेपर्यंत मोजायला लागली. मोजायची ही खोड हिला कुठून लागली कोण जाणे.

"मोजू नकोस गं," मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या.

"मग किती जोडायचं ते कसं कळणार, आजी?"

"जोडत जायचं. पुरलं की कळतं."

मी दारात उभा होतो. तसाच आत गेलो, अंगातला शर्ट बदलला, आणि काढलेला आणून रेवाच्या पुढ्यात ठेवला. मावशींचा हात गोधडीखालून बाहेर आला, चाचपत चाचपत बाहीपर्यंत पोचला आणि त्यांनी ती चिमटीत धरली.

"झालाय हो मऊ," त्या म्हणाल्या, आणि बाही तशीच हातात धरून झोपी गेल्या.