शेऱ्याचा रकाना

श्रुतिका तंबाखू सोडा म्हणाली नाही, तिथेच काशीनाथ राऊतांना तिचा संशय आला.

चौतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते ते. सोडा म्हणणारे ढिगाने भेटले होते. डॉक्टरांनी सडक्या जबड्यांची चित्रं दाखवली, ती बघून बाहेर येताच काशीनाथांनी बार भरला होता. आणि ही आरोग्य केंद्रातली समुपदेशक पोरगी डहाणूला त्यांच्या ओट्यावर बसून चहा पिते आणि म्हणते, "काका, खा. फक्त खाल तेव्हाची वेळ लिहून ठेवा."

यात काळंबेरं होतंच. विमावाल्यांची असेल, नाहीतर सुनेनं पाठवली असेल. त्यांनी तिचं ओळखपत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. सून मुक्ताला आडून आडून विचारलं. तिला भाकऱ्या थापायला वेळ पुरत नव्हता, ती माणसं कुठून पाठवणार? तिने कानांवर हात ठेवले, म्हणजे तीच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

खरी भीती निराळी होती. उजव्या गालात पांढरा चट्टा उठला होता, तिखट लागलं की झोंबायचा. तीन महिने त्यांनी तो लपवला होता. ही त्याच्याच मागावर असेल तर?

म्हणून पहिल्या दिवशी खोट्या वेळा लिहायला बसले. जमेना. फाटकाच्या रजिस्टरात जन्मात मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं. शेवटी चिडून पट्टीने रकाने आखले आणि खरं तेच लिहिलं.

आठवड्याने श्रुतिकाने विचारलं, रोज याच वेळांना काय असतं?

काशीनाथांनी वही ओढून घेतली. सहा बावन्न. नऊ दहा. गाड्यांच्या वेळा. फाटक लावून बार भरायचा, गाडीची वाट बघायची. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी भोंगा ऐकला की हात डबीकडे जात होता.

"हे तुला आधीच ठाऊक होतं."

"गाड्यांचं मला काय कळतं, काका? भोंगा वाजला की आधी बडीशेप घेऊन बघा."

"आता बडीशेपेची एजन्सी घेतलीस वाटतं."

तिला सायवनची एसटी गाठायची होती. ती उठली. तोंड उघडा म्हणून तिने शेवटपर्यंत म्हटलं नाही.

"रजिस्टर असं तपासतात?" काशीनाथ गुरगुरले. "शेवटचा रकाना वाच."

तो तिने आखायला सांगितलाच नव्हता. वर 'शेरा' लिहिलं होतं आणि खाली सातही दिवस तेच: उजव्या गालात चट्टा, आहे तसाच.

श्रुतिका परत खाली बसली. उद्याच डॉक्टरांना दाखवू, मी येते बरोबर, म्हणाली.

"तू नको," काशीनाथ म्हणाले. "मुक्ता येईल. पाठवलंय तिनंच ना तुला."